डायरेक्ट केलेलं लाल बटण

मला गोष्ट फुगवून सांगायची सवय आहे, हे आमच्या नात्यातले सगळे जाणतात. ही मात्र जशी घडली तशीच सांगतोय. हिला तिखटमीठ लावायची माझी छाती नाही.

माणसांची नावं बदलली आहेत. गावं तीच ठेवली आहेत.

गेल्या वर्षीचा मे महिना. रविवार. वेळ दुपारची पाऊण.

हो, दुपारचीच. भुतं रात्री निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात एक दुपार काढून पाहावी. रात्री निदान माणसं अंगणात खाटा टाकून बोलत असतात. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. दारं बंद. कूलरची घरघर. आणि डांबरावर थरथरणारी हवा...

ज्यांच्यावर हे बेतलं त्या जयवंताबाई आमच्या मावशीच्या सूनबाई. सासर हिंगणी, माहेर देवळी. गावात आशा वर्कर. उन्हातान्हात दारोदार फिरायचं, कोणाचं बाळंतपण, कोणाची लस, कोणाला उन्हाचा तडाखा, सगळं वहीत लिहायचं. घरी एकच मुलगी, आकांक्षा. बारावी झालेली. नवरा आठ वर्षांपूर्वीच गेला.

आणि देवळीत सख्खा धाकटा भाऊ. धनंजय. गावात धनू मिस्त्री.

धनूचं गॅरेज बसस्टँडपासून जवळच. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. भावाबहिणीचं प्रेम जगजाहीर होतं, म्हणजे जयवंताच ते जगाला सांगत असे. धनूनं अकरा भाऊबिजांना अकरा ब्लाऊजपीस दिले होते, त्यातले सात एकाच रंगाचे. जयवंताचं म्हणणं, भावाला तो रंग आवडतो.

बाराव्या भाऊबिजेला मात्र धनूनं ओवाळणीत गाडी दिली. मोपेड!

"ताई, पायी फिरून फिरून तुहे पाय गेले. हे घे. एका मास्तरीनबाईची हाये, तिनं चालवलीच नाई. उभीच होती घरात."

जयवंता रडली. साऱ्या गल्लीला पेढे वाटले. गाडीच्या मुठींना हिरव्या लोकरीच्या विणलेल्या गवसण्या होत्या, त्यांचं तिला कोण कौतुक. मास्तरीणबाई हौशी असावी.

तीन-चार महिने गाडी गुणाची निघाली.

मग ऊन तापू लागलं...

मार्च संपत आला होता. गाडी अंगणात निंबाखाली उभी असायची. दुपारी जेवून जयवंता बाहेर आली, की उजव्या मुठीजवळचं लाल बटण बंद केलेलं असायचं.

हे बटण सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानं इंजिन बंद होतं. आणि आपल्याकडची निम्मी पोरं उभ्या गाडीचं तेच बटण आधी दाबतात. मग गाडीचा मालक घामाघूम होईस्तोवर किका मारतो, शेवटी ढकलत गॅरेजात नेतो. मिस्त्री दहा मिनिटं उगाच पाना फिरवतो आणि मालकाची पाठ वळली की हळूच बटण चालू करतो. अशा किती गाड्या धनूनं 'दुरुस्त' केल्या असतील, देव जाणे.

जयवंतानं शेजारच्या पोरांना दटावलं. बटण चालू केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद.

तिसऱ्या दिवशी तिनं पहाराच ठेवला. खिडकीतून नजर गाडीवर. पोरं आली नाहीत. बकरी आली नाही. वारा नव्हता. निंबाचं पानही हलत नव्हतं.

टक्...

बटण बंद झालं होतं.

ती बाहेर गेली. सीट इतकी तापलेली की हात ठेववेना. लोखंड तर इस्तरीसारखं. तिनं अंगठा बटणावर टेकवला आणि झटक्यानं मागं घेतला.

बटण माठातल्या पाण्यासारखं गार होतं.

तिनं भावाला फोन केला. धनू हसला. "ताई, प्लास्टिक हाये थे. प्लास्टिक तापते कुठी?"

हँडलचं बाकीचं प्लास्टिक मात्र चांगलंच तापलं होतं. पण भाऊ सांगतो म्हटल्यावर जयवंतानं ते आपल्या अनुभवातून वजा केलं. आपण सगळेच करतो.

एप्रिलमध्ये तिनं लायसनसाठी अर्ज केला. (तोवर पाच महिने ती बिनालायसन फिरत होती. आशा वर्करला कोण अडवतो?) परीक्षेच्या ठिकाणी साहेबांनी गाडी चालू करायला लावली.

"आता उजवी मूठ सोडायची नाही. नुसत्या अंगठ्यानं लाल बटण दाबा."

तिनं दाबलं. गाडी चालूच.

पुन्हा दाबलं. चालूच.

साहेबांचा चेहरा बदलला. "बाई, हे बटण शोभेला दिलेलं नसतं. रेस अडकली, गाडी अंगावर पडली, तर चावी शोधायला वेळ मिळत नाही. मूठ न सोडता अंगठ्यानं इंजिन बंद झालं पाहिजे, म्हणून ते तिथं आहे. कोणी केलं हे?"

कोणी केलं ते धनूनं फोनवर बिनदिक्कत सांगितलं. "मीच डायरेक्ट करून देल्लं होतं ताई. पोरं दाबतेत न उगाच. मंग तू भर उनात ढकलत बसशीन. तुह्यासाठीच केलं."

डायरेक्ट करणं म्हणजे बटणाच्या दोन्ही वायरी तोडायच्या आणि गाडीच्या बाजूनं एकमेकींना जोडून टाकायच्या. बटण जागेवर दिसतं. टक् वाजतं. पण ते कोणालाच काही सांगत नाही.

पुढल्या रविवारी धनू गाडी घेऊन गेला, दोन दिवसांनी आणून दिली. "केलं दुरुस्त. आता दाब का नोको दाबू, टेन्शन नाई." आणि पुन्हा परीक्षा झाली त्या दिवशी, कशाला भानगड म्हणून, गॅरेजातली दुसरीच गाडी दिली. जयवंता पास झाली.

आपल्या गाडीचं बटण तिनं एकदाही दाबून पाहिलं नाही. सख्ख्या भावानं 'केलं' म्हटल्यावर बहीण तपासून पाहते का?

त्यानंतर बटण आपोआप बंद व्हायचं थांबलं.

पण चालत्या गाडीवर आवाज येऊ लागला...

फक्त दुपारी. बारा ते दीडच्या दरम्यान. उजव्या हाताशी.

टक्... टक्... टक् टक् टक् टक्...

एखादं माणूस जिवाच्या आकांतानं बटण दाबत असावं तसा. ती खाली पाही, तर बटण जागचं हललेलं नसे. आणि एकदा, धरणाच्या रस्त्यावर, तिला आपल्या अंगठ्यावर दुसरा अंगठा जाणवला. खरखरीत. गार. काम केलेल्या बाईचा असतो तसा.

हे तिनं कोणालाच सांगितलं नाही. भावानं दिलेल्या गाडीबद्दल वाईट कसं बोलायचं?

मग तो रविवार उजाडला.

देवळीत माहेरच्या भाऊबंदांत लग्न होतं. जयवंता सकाळच्या एसटीनं निघाली. गाडी घरीच ठेवली. जाताना आकांक्षाला म्हणाली, "सेलूले फॉर्म भरायले जाशीन त सकाळीच जाजो. दुपारी नोको निघू."

मांडवात जेवणाची पंगत बसली होती. जयवंताच्या शेजारी एक तिशीतली बाई. सुरभी नाव. देवळीजवळच्याच खेड्यातली. गप्पा निघाल्या आणि जयवंताची गाडी अर्थातच भाऊबिजेवर आली.

"कोनाचा भाऊ देते आजकाल गाडी? हे पाय." तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला.

सुरभीचा घास हातातच राहिला.

"ह्या मुठी..." ती म्हणाली. "हे हिरवी लोकर. हे माह्या सासूनं विनली हाये."

"मास्तरीनबाई का तुह्या सासूबाई?"

"कायच्या मास्तरीन! सुलोचनाबाई म्हनत. दूध नेत डेअरीवर. याच गाडीवर गेल्या थ्या."

"कुठी गेल्या?"

सुरभीनं ताट बाजूला सारलं.

मग ती हळू आवाजात सांगू लागली, आणि मांडवातला बँडबाजा जयवंताला ऐकू येईनासा झाला.

सुरभीचं लेकरू येता-जाता ते लाल बटण दाबायचं. सुलोचनाबाईंनी तीनदा गाडी ढकलत देवळीत नेली. तिसऱ्या खेपेला मिस्त्रीनं बटण डायरेक्ट करून दिलं. त्यांना सांगितलंसुद्धा नाही. पुढं एका दुपारी कालव्याच्या वळणावर त्यांचा पदर मागच्या चाकात गेला. गाडी आडवी. रेस अडकलेली. चाक पदर गुंडाळत गेलं...

"लोक पोचले तवा गाडी बंद होती. पेट्रोल सरलं होतं म्हनून. मायचा अंगठा बटनावरच होता. सोडवता सुटे नाई. नख निळं पडलं होतं. किती वेळा दाबलं असीन तिनं..."

"अन् गाडी?"

"मिस्त्रीच घेऊन गेला. रडत आलता. म्हने, मी हे भंगारात तोडून टाकतो, कोनाच्या नजरेले नाई पडू देत."

"कोन मिस्त्री?"

जयवंतानं विचारलं खरं. पण उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला धनू पंगतीत बुंदी वाढत होता, म्हाताऱ्यांना आग्रह करून करून.

तेवढ्यात तिनं घड्याळ पाहिलं.

पाऊण.

तिनं आकांक्षाला फोन लावला. वाजला... वाजला... बंद झाला.

पुन्हा लावला. वाजत राहिला.

सात वेळा. आठव्यांदा तिकडून फोन आला.

"आई..." आवाज घोगरा. "मी बरी हाओ. घाबरू नोको."

"तू गाडी घेऊन गेलती?"

"उशीर झाला न. आई, माही ओढनी चाकात गेली. मी पडली. रेस कमीच होये ना. गळ्याले फास बसून राह्यला होता. चावी पार खाली, हात पुरे ना. मंग बटन दाबलं. नाई झाली बंद. दुसऱ्यांदा दाबलं, नाई झाली. मंग कोनीतरी... माह्या अंगठ्यावर अंगठा ठेवला. अन् दाबलं."

"मंग?"

"बंद झाली. एकदम."

"कोन होतं थं?"



"कोनीच नव्हतं आई. रस्ता रिकामा होता."

जयवंता त्याच पावली हिंगणीला गेली. पोरीच्या गळ्याभोवती लाल वळ. उजव्या अंगठ्याच्या नखावर आडवी निळी रेघ, वरून दुसरं नख रुतावं तशी. तिनं रात्रभर पोरीचा तो हात हातात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी टेम्पोत गाडी घातली आणि थेट देवळी गाठली.

गॅरेजात धनू एकटाच होता. दुपार. शटर अर्धं ओढलेलं. रस्ता सामसूम.

तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "धनू, हे सुलोचनाबाईची गाडी हाये का?"

धनूनं आधी इकडं पाहिलं, मग तिकडं. मग जिभेनं तोच जुना धंदा सुरू केला. गाडीचा काय दोष. चांगली गाडी भंगारात कशी घालू. कोणी विकत घेईना, म्हटलं घरच्याच माणसाच्या कामी येऊ दे.

"घरच्या मानसाच्या," जयवंता म्हणाली.

"अवो पन झालं काय? पोरगी बरी हाये न?"

तिनं पोरीची हकीकत सांगितली. अंगठ्याची, बटणाची, गाडी बंद झाल्याची. तसा धनू हसला. आणि हसण्याच्या भरात त्याच्या हातून ती चूक झाली.

"खोटं बोलून राह्यली पोट्टी! बंद होऊच शकत नाई. हे पाय." त्यानं दोन स्क्रू काढून बटणाची डबी उघडली. आत दोन वायरींची तुटलेली टोकं, काळी टेप गुंडाळलेली. धूळ बसलेली. "याले वायरच नाई लागली. मंग गाडी कायनं बंद होईन?"

जयवंता त्या टेपकडे पाहत राहिली.

"तू मले 'केलं' म्हनलं होतं."

धनूनं डबीचं झाकण परत लावायला घेतलं.

"सुलोचनाबाई गेली, तरी तू थे वायर नाई जोडली. मले देल्ली, तरी नाई जोडली. साहेबानं सांगितलं, तरी नाई."

"ताई, जोडली असती त... लोक म्हनले असते न, म्हंजे पयले मीच तोडली होती." हे त्याचं त्या दिवसातलं पहिलं खरं वाक्य. लगेच त्यानं ते झाकलं. "थांब, तुले दाखोतो. मंग पोरीले विचारजो."

त्यानं किक मारली. गाडी सुरू झाली. त्यानं उजवी मूठ धरली आणि अंगठ्यानं बटण दाबलं.

टक्.

गाडी चालूच.

"पाय!" तो म्हणाला, जिंकल्यासारखा. पुन्हा दाबलं. टक्. "पाय, होते का बंद? मी म्हनलं नाई?"

त्यानं डाव्या हातानं चावी फिरवली.

गाडी चालूच राहिली...

त्यानं चावी काढून हातात घेतली. तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. रेस आपोआप चढू लागली. त्यानं मूठ सोडायला हात ओढला.

हात आला नाही.

अंगठा बटणावर होता. त्यावर काहीच नव्हतं. तरी अंगठ्याचं मांस चेपलेलं दिसत होतं, वरून कोणी दाबून धरावं तसं.

"ताई, प्लगची कॅप काढ! खाली, थे काळी!"

जयवंतानं खाली वाकून ती उपटली. प्लगला आता काहीच जोडलेलं नव्हतं, ठिणगी पडणं शक्यच नव्हतं. इंजिन तसंच किंचाळत होतं. पत्रे थरथरू लागले.

"ताई, बंद कर वो!"

तिला काय सुचलं कोण जाणे. ती म्हणाली, "अजून कोनाकोनाच्या डायरेक्ट केल्या तू?"

"कोनाच्याच नाई!"

रेस चढली. धनू कळवळला.

"एक... मुकेशची! मुकेश पानवाल्याची!"

रेस उतरली. थोडीशीच. पण दोघांनाही कळलं.

मग तो सांगत गेला. प्रभाकररावांची. कमलाबाईच्या पोराची. कापूस बाजारातल्या मुनिमाची. मधे थांबला, 'बस, इतल्याच,' म्हणाला, की इंजिन किंचाळे. खरं नाव घेतलं, की दम घेई. जयवंतानं पिशवीतून आशाच्या कामाची वही काढली आणि बाळंतिणींच्या यादीच्या मागच्या पानावर लिहीत गेली. तिनं एकही नाव सुटू दिलं नाही. सोळावं नाव आनंदाबाई, अंगणवाडीची.

मग ऐकू आलं, "र..."

आणि इंजिन फटफटलं. आचके दिले. थांबलं.

पेट्रोल संपलं होतं.

धनूचा हात सुटला. तो खाली बसला. नख निळंकाळं. बराच वेळ तो त्या अंगठ्याकडे पाहत होता. जयवंता वाट पाहत होती. माफी नाही, निदान सुलोचनाबाईंचं नाव तरी तो घेईल. आकांक्षा कशी आहे, एवढं तरी विचारेल.

तो म्हणाला, "ताई, हे कोनाले सांगू नोको. धंदा बसते."

जयवंता मला म्हणाली, "भाऊजी, थे इंजिन वराडत होतं तवा मी इतली नाई भ्याली."

गाडी तिनं सुरभीच्या घरी नेऊन दिली. त्यांनी ती तोडली. सोळा जणांकडे ती स्वतः गेली. चौदा जणांनी वायरी जोडून घेतल्या. दोघं हसले. धनूनं देवळीभर सांगितलं की उन्हानं ताईचं डोकं फिरलं, आणि देवळीला ते पटलं. त्याचं गॅरेज चालू आहे.

राहिलं ते सतरावं नाव.

महिन्याभरानं तिनं मन मारून भावाला फोन केला. "फक्त इतलं सांग. 'र' म्हंजे कोन? रूपराव? रमेश? कोन?"

"कोनता 'र'?"

"तू म्हनला होता. शेवटी."

"मी सोळाच नावं घेतली ताई," धनू म्हणाला. "आनंदाबाईवर थांबलो मी. पुढचं आठोतच नव्हतं. ओठ दाताखाली धरला होता मी, दुखून राह्यलं होतं म्हनून. मी 'र' म्हनलोच नाई."

त्याचं खोटं जयवंतानं आजवर भरपूर ऐकलं आहे. पण तिनं डोळे मिटून ती दुपार पुन्हा आठवली. धनूचा चेहरा घामानं निथळलेला... खालचा ओठ दातांत... रक्ताचा थेंब...

ओठ मिटलेलेच होते.

आणि तो आवाज, आता आठवतं, बाईचा होता. दम लागलेल्या बाईचा.

आता ती फेरीवर निघते तेव्हा 'र'वरून नाव असलेलं घर दिसलं की थांबते. हिंगणी, सेलू, सुट्टीच्या दिवशी देवळी. "गाडी चालू करा. मूठ सोडू नोका. अंगठ्यानं दाबा." लोक हसतात. दाबून दाखवतात. गाडी बंद होते. ती वहीत खूण करून पुढं जाते.

आतापर्यंत त्रेसष्ट घरं झाली. सगळ्यांच्या गाड्या बंद झाल्या.

सतरावी अजून कुठंतरी फिरते आहे.